नवीन टू-व्हीलर घेतली? मग ती दुसऱ्यांना दिसली पण पाहिजे (नागपुरात गाडी चालवणाऱ्यांसाठी)

नवीन गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात आपण सीट कव्हर, लेग गार्ड, मोबाईल होल्डर सगळं लावून घेतो. पण ही गाडी समोरच्या कारवाल्याला कुठून दिसते आणि कुठून अजिबात दिसत नाही, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही आणि लायसन्सच्या टेस्टमध्येही कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहून राहिलो. कॉलेजला पहिल्यांदा मोपेड घेऊन निघालेल्या पोरींसाठी, हिंगणा नाहीतर बुटीबोरीला शिफ्टला जाणाऱ्या पोरांसाठी, आणि चाळिशीत गाडी शिकलेल्या काका-मावशींसाठी पण. खर्च फार नाही, बरीच कामं घरच्या अंगणात होतात.

"दिसलाच नाही" हे पुष्कळदा खरं असतं

चौकात ठोकाठोकी झाली की कारवाला उतरून पहिलं हेच म्हणतो, "अहो मला दिसलाच नाही हा." आपल्याला वाटतं खोटं बोलून राहिला, मोबाईल पाहत असेल. कधी तसं असतंही. पण पुष्कळदा तो खरं बोलत असतो, त्याने त्या बाजूला पाहिलेलं असतं आणि तरी गाडी त्याच्या डोक्यात नोंदलीच गेलेली नसते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपासचे 900 मोटरसायकल अपघात नीट तपासले होते, त्याचा रिपोर्ट 1981 साली आला, त्याला हर्ट रिपोर्ट म्हणतात. दुसऱ्या गाडीसोबत झालेल्या धडकांमध्ये साधारण दोन तृतीयांश वेळा असं निघालं की आधी जायचा हक्क मोटरसायकलवाल्याचा होता आणि दुसरा मध्ये घुसला. म्हणजे तुमची चूक नसतानाही तुम्हीच पडता. भांडून हाड जुळत नाही, त्यामुळे दिसायची जबाबदारी आपणच अंगावर घ्यायची, हे माझं स्पष्ट मत आहे.

का दिसत नाही हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून दोन मिनिटं इथेच थांबा. एक तर आपली गाडी अरुंद, 70-80 सेंटिमीटर, बस. कारच्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छताला धरून ठेवणारे जाड खांब असतात, त्यातला उजवा खांब ड्रायव्हरच्या तोंडाजवळ असतो आणि त्याच्या मागे तीस-चाळीस मीटरवरची अख्खी मोटरसायकल लपते. कार उजवीकडे वळत असेल आणि तुम्ही तिकडून येत असाल तर कधी कधी तुम्ही आणि तो खांब सोबतच सरकत राहता, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही खांबामागेच.

दुसरं म्हणजे डोळा. मान फिरवून पटकन इकडे-तिकडे पाहताना डोळा सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो, आणि उडी चालू असताना मेंदू मधलं चित्र गाळून टाकतो. ट्रक, बस इतकी मोठी असते की ती या उडीत नाही तर त्या उडीत सापडतेच, मोटरसायकल मात्र मधल्या फटीत राहून जाते. घाईत असलेला माणूस जितकी झटकन मान फिरवतो तितकी ही फट मोठी.

आणि तिसरं, ज्याला दिसलं त्याचाही अंदाज चुकतो. लहान वस्तू आहे त्यापेक्षा दूर आहे आणि यायला अजून वेळ आहे असं डोळ्याला वाटतं. तुम्ही 60 च्या स्पीडने असाल तर एका सेकंदात 16-17 मीटर कापता, त्याला वाटलं "अजून दोन सेकंद आहेत" आणि तो निघाला की संपलं. म्हणून नुसतं दिसणं पुरत नाही, किती जवळ आलो आहोत हे पण समोरच्याला कळलं पाहिजे.

पहिलं काम: कारमध्ये जाऊन बसा

याला एक रुपया लागत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त हेच शिकवतं. ओळखीतल्या कोणाची कार मोकळ्या जागी उभी करा, स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आरसे आपल्या हिशोबाने लावा आणि मित्राला सांगा की तुमची गाडी ढकलत ढकलत कारच्या भोवती फिरव. मान न वळवता फक्त आरशात पाहा. गाडी गायब झाली की ओरडून सांगा आणि मित्राला तिथे खडूने खूण करायला लावा. पूर्ण चक्कर झाली की उतरून त्या खुणा पाहा. मागच्या दाराच्या आसपास दोन्ही बाजूंना एक एक मोठा पट्टा निघतो, आणि आपण रोज सिग्नलला नेमकं तिथेच जाऊन उभे राहतो हे लक्षात येतं.

नंतर मित्राला साठ-सत्तर पावलं दूर झाडाच्या सावलीत गाडी घेऊन उभं करा, एकदा लाईट बंद, एकदा चालू. तुम्ही खाली पाहा आणि मग एकदम वर पाहा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

लाईट

1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या टू-व्हीलरला हेडलाईट आपोआप चालू राहणं कंपल्सरी आहे, इंजिन चालू की लाईट चालू. तरी रोडवर कोणी ना कोणी हाताचा पंजा उघड-मिट करून "भाऊ, लाईट चालू आहे" सांगतोच, त्याला मान हलवून धन्यवाद द्या आणि चालू ठेवा. काही जण वायरिंग कापून वेगळं बटण लावून घेतात बॅटरी वाचावी म्हणून, ते करू नका. जुनी गाडी घेतली असेल तर किल्ली लावल्याबरोबर लाईट चालू करायची सवय लावून घ्या, दिवसा पण, भर उन्हात पण. डिपरवरच, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडावरच ठेवायचा. दिवसा पाहिजे तर एखाद्या चौकाच्या आधी एकदा अप्पर-डिपर करा, पण रात्री कायम अप्परवर चालवलं तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि त्याला तुमचं अंतर तर सोडाच, रोडची कडा पण दिसत नाही.

आता बल्ब. जुन्या कम्युटर गाड्यांमध्ये बहुतेक 35/35 वॅटचा हॅलोजन बल्ब येतो. तो काळवंडला असेल किंवा समोरची काच पिवळी, धुरकट झाली असेल तर लाईट चालू असून नसल्यासारखा. बल्ब फार महाग नाही, कोणताही मिस्त्री पाच मिनिटांत बदलून देतो. बदलताना बल्बच्या काचेला बोट लावू देऊ नका, हाताचं तेल लागलं की हॅलोजन लवकर जातो. लाईटची दिशा पण पाहून घ्या: रात्री भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा, कोणाला तरी सीटवर बसवा, डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा चार-पाच बोटं खाली पडली पाहिजे. मागे कायम कोणी बसत असेल तर दोघं बसून पाहा, कारण मागचा भाग दबला की पुढचा लाईट वर उठतो.

मागचा लाईट आपल्याला कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच तो महिनोन् महिने बंद राहतो. सकाळी निघताना गाडीची पाठ भिंतीकडे किंवा बंद दुकानाच्या शटरकडे करा, आधी पुढचा ब्रेक दाबा, मान वळवून पाहा, शटरवर लाल उजेड पडतो का. मग सोडून मागचा ब्रेक दाबा. दोन्ही वेगळे पाहायचे, कारण दोघांचे स्विच वेगळे. मागच्या ब्रेकला बऱ्याच मोटरसायकलींमध्ये एक लहानशी स्प्रिंग असते, पायडल खाली गेलं की ती स्विच ओढते. ती सैल झाली की पायडल पार खाली गेल्यावर लाईट लागतो, म्हणजे मागच्याला तुम्ही थांबल्यावर कळतं की तुम्ही थांबत होता. स्विचवरचा नट थोडा फिरवला की लवकर लागायला लागतो. उलट जास्त फिरवला तर ब्रेक लाईट कायम चालू राहतो, तेही वाईटच. पाय नुसता टेकवून थोडा दाब दिला की लागला पाहिजे, असं सेट करा. मोपेडमध्ये दोन्ही ब्रेक हातावर असतात, तिथे लिव्हरजवळच्या स्विचमध्ये धूळ जाते, मेकॅनिककडून साफ करून घ्या.

अजून एक, ॲक्सिलरेटर सोडून गिअर उतरवत हळू होताना ब्रेक लाईट लागत नाही. मागून येणाऱ्या ट्रकला काहीच इशारा मिळत नाही. तेव्हा ब्रेकवर नुसतं टॅप-टॅप करा, खरा ब्रेक लागायची गरज नाही, लाल लाईट दोन-तीनदा चमकला की झालं. सिग्नलला उभे असाल आणि मागे अजून कोणी येऊन थांबलं नसेल तर ब्रेक दाबून ठेवा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि आरशावर नजर असू द्या.

इंडिकेटरबद्दल एकच बोलायचं आहे, वळून झालं की बंद करा. बहुतेक टू-व्हीलरमध्ये तो आपोआप बंद होत नाही. डावा इंडिकेटर चालू ठेवून तुम्ही सरळ येऊन राहिले, गल्लीतल्या कारवाल्याला वाटलं हा वळणार, तो निघाला बाहेर. हा अपघात तुम्ही स्वतः बोलावून आणला असं होतं.

जास्तीचे लाईट लावायचे का? हेडलाईटच्या खाली दोन्ही बाजूंना जरा लांब-लांब दोन लहान पांढरे किंवा पिवळे लाईट लावले तर तिघांचा मिळून त्रिकोण बनतो, आणि गाडी जवळ येते तसा तो त्रिकोण मोठा होताना दिसतो, त्यामुळे समोरच्याला अंतर आणि स्पीड दोन्ही चांगलं समजतं. एकटा लाईट नुसता ठिपका राहतो, अंधारात तर जवळ आहे का लांब हेच कळत नाही. पण हे लाईट दिसण्यापुरते मंद आणि खाली वळलेले पाहिजेत. ते डोळ्यात भाले मारणारे एलईडी बार लावून तुम्ही दिसत नाही, समोरच्याला आंधळं करता, आणि ट्रॅफिकवाले चालान फाडतात ते वेगळं. रंगाचा नियम साधा ठेवा: पुढे पांढरा नाहीतर पिवळा, मागे लाल, इंडिकेटर नारिंगी. पुढे लाल नको, मागे पांढरा नको, आणि लाल-निळे चमकणारे तर पोलीस आणि ॲम्ब्युलन्सचे, त्यांना हात लावायचा नाही.

रेडियम, पण खरं रेडियम

आपल्याकडे चकाकणाऱ्या पट्टीला सगळे रेडियमच म्हणतात, आणि रेडियमवाला प्रत्येक एरियात असतो. अडचण अशी की त्याच्याकडे दोन प्रकारचा माल असतो, एक नुसता रंगीत स्टिकर जो दिवसा छान दिसतो आणि रात्री मेलेला असतो, आणि दुसरा रिफ्लेक्टिव्ह, ज्यात बारीक काचेचे मणी नाहीतर बारीक प्रिझम असतात आणि तो लाईट जिकडून आला तिकडेच परत फेकतो. तो परत फेकणं महत्त्वाचं, कारण कारवाल्याचे डोळे त्याच्या हेडलाईटच्या जवळच असतात.

दुकानात ओळखायचं कसं तर मोबाईलचा टॉर्च चालू करून फोन डोळ्याच्या बाजूला, कानशिलापाशी धरा आणि पट्टीकडे दहा पावलांवरून पाहा. रिफ्लेक्टिव्ह असेल तर पट्टी पेटल्यासारखी दिसते. आता तोच फोन हात लांब करून दूर धरा, पट्टी विझते. साधा स्टिकर दोन्ही वेळा सारखाच दिसतो. हे दुकानदारासमोरच करा, मग तो पण बरोबर रोल काढतो.

लावायचं कुठे? रंग लाईटसारखेच, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. मागे मडगार्डवर, सीटच्या खालच्या दोन्ही कडांना, डिक्की असेल तर तिच्या कोपऱ्यांना, म्हणजे गाडी किती रुंद आहे हे दिसतं. बाजूने दिसण्यासाठी चाकाच्या रिमवर गोल पट्टी सगळ्यात भारी, कारण आडव्या रस्त्यावरून जाताना फिरणारं गोल चाक लाईटमध्ये चमकलं की ही टू-व्हीलर आहे हे एका क्षणात ओळखू येतं. हेल्मेटच्या मागे एक पट्टी नक्की लावा, ती सगळ्यात उंच जागा आहे आणि मागे कोणी बसलं नसेल तर कशानेच झाकली जात नाही. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटला पण लावा, कारण तो बसला की तुमची पाठ संपली. जागा आधी पुसून, कोरडी करून लावा, नाहीतर पहिल्या पावसात कडा उकलतात.

नंबर प्लेट पण रिफ्लेक्टिव्ह असते, नवीन हाय सिक्युरिटी प्लेट तर आहेच. ती चिखलाने भरलेली, वर वाकवलेली किंवा जाळीच्या मागे ठेवलेली असेल तर फुकट मिळालेला रिफ्लेक्टर वाया गेला. ओल्या फडक्याने पुसायला अर्धं मिनिट लागतं.

हेल्मेट आणि कपडे

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागातल्या 1993 ते 1996 च्या मोटरसायकल अपघातांचा अभ्यास झाला होता, तो 2004 साली छापून आला. रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका 37 टक्के कमी निघाला, पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा 24 टक्के कमी, आणि दिवसा हेडलाईट चालू ठेवणाऱ्यांना 27 टक्के कमी. मला त्यातली अजून एक गोष्ट कामाची वाटते, गाडीच्या रंगाने काही फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे काळी गाडी घेतली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, डोकं आणि अंग उजळ ठेवा.

हेल्मेट घेताना आयएसआय मार्क पाहा आणि पांढरं, पिवळं किंवा फ्लुरोसंट हिरवट घ्या. नागपूरच्या मे महिन्यात पांढरं हेल्मेट कमी तापतं, हा वरचा फायदा.

जॅकेटचं थोडं समजून घ्या. फ्लुरोसंट म्हणजे तो डोळ्यात भरणारा पोपटी-पिवळा नाहीतर भगवट रंग, तो दिवसा काम करतो, विशेष करून ढगाळ हवेत आणि दिवेलागणीच्या आधी. उन्हातले जे किरण डोळ्याला दिसत नाहीत त्यांनाच तो दिसणारा करून फेकतो. रात्री स्ट्रीटलाईटखाली ते किरण नसतात म्हणून तो साध्या कपड्यासारखा होतो. रात्रीचं काम चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्टीचं. त्यामुळे दोन्ही असलेलं जाळीचं जॅकेट घ्या, कंपनीत सेफ्टीवाले घालतात तेच, सेफ्टी सामानाच्या दुकानात मिळतं. जाळीचं असल्यामुळे उन्हाळ्यात पण घालवतं. शिफ्टला जाणाऱ्या बऱ्याच जणांकडे ते असतंच, फक्त ते गेटच्या आत घालतात आणि रोडवर बॅगेत ठेवतात, माझी कळकळीची विनंती आहे की उलट करा, निदान दोन्हीकडे घाला.

आणि सॅक! जॅकेटवर काळी लॅपटॉप बॅग लटकवली की मागून सगळं झाकलं. बॅगेवर घालायचं पिवळं रेनकव्हर मिळतं, ते बारा महिने घाला, नाहीतर बॅगेच्या पाठीवर रिफ्लेक्टिव्ह पट्टी शिवून घ्या, कोणताही बॅग रिपेअरवाला शिवून देतो.

ताईंनो, उन्हाळ्यात दुपट्टा बांधता ते बरोबरच आहे, नागपूरचं ऊन तसंच आहे. दोन गोष्टी पाहा, दुपट्ट्याने बाजूची नजर झाकली जात नाही ना, आणि त्याची टोकं, साडीचा पदर किंवा मागे बसलेल्या आईची शाल मागच्या लाईटवर लोंबत नाही ना. पदर चाकात जायची भीती सगळ्यांना माहीत आहे, पण ब्रेक लाईट झाकला जातो तिकडे लक्षच जात नाही. दुधाचे कॅन, भाजीचे थैले, सिलिंडर नेणाऱ्यांचंही तेच, इंडिकेटर झाकले जात असतील तर सामानावरच मागून पट्टी बांधा.

रोडवर कुठे राहायचं

इतकं सगळं लावलं आणि उभे राहिले बसच्या बुडाला चिकटून, तर काही उपयोग नाही. जागा बरोबर असली की अर्धं काम होतं.

बस आणि ट्रकपासून सुरू करू. तुम्ही ‘आपली बस’च्या, म्हणजे सिटी बसच्या मागे चिकटून जाऊन राहिले आणि समोरून येणाऱ्या कारला उजवीकडे वळायचं आहे. बस गेली, त्याला वाटलं रोड मोकळा, तो वळला आणि बसमागून तुम्ही निघाले. म्हणून मोठ्या गाडीच्या मागे दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवा: तिने रोडच्या कडेचा एखादा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा, त्याच्या आधी तुम्ही खांबापाशी पोचले नाही पाहिजे. वाडी आणि कळमन्याकडे ट्रक जास्त, तिथे हे पक्कं ध्यानात ठेवा. ट्रकचा आरसा पाहा, आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसून त्याच्या केबिनच्या कोपऱ्याशी थांबणं सगळ्यात धोक्याचं, तिथे ड्रायव्हर उंच बसलेला असतो आणि खालचं त्याला काहीच दिसत नाही. मागे थांबा किंवा त्याच्या चांगलं पुढे, जिथून तो तुमचं हेल्मेट पाहू शकेल. समृद्धीवर टू-व्हीलर नेता येत नाही, त्यामुळे अमरावतीकडे निघालेल्यांना जुन्या हायवेवर ट्रकच्या सोबतीनेच जावं लागतं, मग तर अजूनच.

मेट्रोचे पिलर. वर्धा रोड, हिंगणा रोड, कामठी रोड, सगळीकडे मधोमध पिलरची रांग आहे. यू-टर्न घेणारी कार पिलरच्या आडून नाक बाहेर काढते तेव्हा तिला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला ती. अशा कटिंगच्या जवळ डिव्हायडरला चिकटून जाऊ नका, लेनच्या डावीकडे सरका म्हणजे त्याला तुम्ही थोडे आधी दिसता, आणि ॲक्सिलरेटर सोडा. वर्धा रोडवर तर वर मेट्रो, मध्ये फ्लायओव्हर आणि खाली आपण, 3.14 किलोमीटरचा डबल डेकर आहे तो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरच्या झगझगीत उन्हातून कारवाला त्या सावलीत शिरतो तेव्हा काही क्षण त्याच्या डोळ्यांना सगळं काळं दिसतं, आणि सावलीत गडद शर्ट घालून चाललेला टू-व्हीलरवाला त्या काळ्यात विरघळून जातो. इथे हेडलाईट, मागचा लाईट आणि उजळ जॅकेट खरोखर कामाला येतं. सावलीत शिरताना ब्रेक एकदा टॅप करा, लाल चमक मागच्याला दिसते.

चौक. गल्लीच्या तोंडाशी किंवा चौकात कार थांबलेली दिसली तर तिचा ड्रायव्हर तुमच्याकडे पाहून राहिला म्हणून विश्वास ठेवू नका, वर सांगितलं ना, पाहणं आणि दिसणं वेगळं. त्याच्या तोंडापेक्षा पुढच्या चाकाकडे पाहा, गाडी हलायच्या आधी चाक फिरायला लागतं. तुम्ही एकाच रेषेत सरळ त्याच्याकडे येत असाल तर त्याच्या नजरेत तुम्ही जागच्या जागी ठिपका असता, हलताना दिसतच नाही. रोड मोकळा आणि कोरडा असेल, आरशात मागे कोणी नसेल, तर लेनच्या आतच हलकेच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरका. आडवं हलणारं डोळा लगेच पकडतो. हे नागमोडी कट मारणं नाही, फार तर हातभर सरकणं आहे, आणि ओल्या रोडवर, रेतीवर करायचं नाही. सोबत स्पीड 40 च्या आत आणा आणि दोन बोटं ब्रेकवर ठेवा.

ऑटो आणि ई-रिक्षा सवारी दिसली की डावीकडे कापतात, त्यांच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून जाऊच नका. बस.

ऊन, पाऊस, धुकं

एक साधी खूण लक्षात ठेवा. संध्याकाळी वाडीकडून शहरात परत येताना नाहीतर सकाळी पारडीकडून शहरात येताना तुमची सावली तुमच्या समोर लांब पडलेली असते. म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी आहे, तुम्हाला सगळं मस्त स्वच्छ दिसतं, म्हणून आपण बिनधास्त असतो. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात तो सूर्य थेट आहे आणि तुम्ही त्या झगमगाटात हरवले आहात. सावली ज्याच्याकडे बोट दाखवते त्याला तुम्ही दिसत नाही, असं समजून चला. सूर्य तोंडावर असेल तेव्हा उलटं, तुमच्या मागच्याच्या डोळ्यात पण तोच सूर्य आहे, त्यामुळे अचानक ब्रेक मारू नका, आधी टॅप करा.

पावसाळ्यात बाजारात काळे आणि नेव्ही ब्लू रेनकोट ढिगाने असतात, पिवळा किंवा नारिंगी मागून घ्या. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं, आतून नाही. कारच्या काचेवर पाणी, वायपर चालू, आरशांवर थेंब, अशा वेळी तुम्ही बाजूच्या त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात असाल तर त्याला तुम्ही नाहीच. काही जण पावसात चारही इंडिकेटर चालू करून चालवतात, त्याने तुम्ही कुठे वळणार हे कोणालाच कळत नाही, ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. घरी आल्यावर मागचा लाईट आणि रिमची पट्टी चिखलातून पुसून काढा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी गोरेवाडा, अंबाझरीकडे आणि आउटर रिंग रोडच्या शेतांपाशी धुकं धरतं. अप्पर मारला तर धुकं पांढरी भिंत बनून तुमच्याच डोळ्यावर येतं, डिपर ठेवा. गडद जॅकेट, मफलर आणि शाल यांच्यावरून ते जाळीचं जॅकेट चढवा, थंडीत तर गरमीचा बहाणा पण नाही.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला की लोकांना कळतं, असं बरेच जण सांगतात. सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेक समोरून, वळणाऱ्या गाडीचा. त्यात कारची काच बंद, एसी चालू, गाणी चालू. आवाजाने मोहल्ल्याची झोप मोडते, कारवाल्याला पत्ता लागत नाही. ते पैसे बल्ब, पट्टी आणि जॅकेटला लावा.

रात्री गाडी बंद पडली तर

हे पण माहीत असू द्या, कारण अंधारात थांबलेली टू-व्हीलर चालत्या गाडीपेक्षा कमी दिसते. पंक्चर झालं, पेट्रोल संपलं, काहीही असो, आधी गाडी डांबराच्या खाली, कच्च्यावर घ्या. बॅटरी चालत असेल तर किल्ली चालू ठेवून डावा इंडिकेटर किंवा पार्किंग लाईट सुरू ठेवा, गाडीची पाठ येणाऱ्या ट्रॅफिककडे राहू द्या म्हणजे लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट त्यांच्या लाईटमध्ये चमकेल. तुम्ही स्वतः गाडीच्या मागे उभे राहू नका, तुमच्याच पायांनी रिफ्लेक्टर झाकला जातो आणि धक्का बसला तर मध्ये तुम्ही सापडता. रोडपासून दूर, गाडीच्या पुढच्या बाजूला उभे राहा, मुलं सोबत असतील तर त्यांना अजून आत घ्या. मोबाईलचा टॉर्च येणाऱ्यांच्या डोळ्यात मारू नका, तो खाली धरून आपल्या जॅकेटवर पाडा. कोणी न्यायला येणार असेल तर त्याला फोनवर जवळच्या पेट्रोल पंपाचं किंवा मेट्रो स्टेशनचं नाव सांगा आणि गाडी ढकलत रोडच्या कडेने चालायची वेळ आली तर गाडी आणि स्वतः दोघंही कच्च्यावरच ठेवा.